एल्कानाचा उघडा पाय

कझाया टारबॉक्सला आमच्या गावात दोन नावं होती. तोंडावर कझायाबाई आणि पाठ वळली की तोफ. दुसरं नाव तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तेच तिला जास्त आवडायचं. बापाचं घर खाजणाच्या कडेला. शाळा दोन हिवाळे, तीही चुलीशी काम नसेल तेव्हा. वाचायला ती शिकली जुन्या पंचांगांवरून, भरती-ओहोटीच्या तक्त्यांवर बोट फिरवत. "मला आधी आकडे आले, मग चंद्र, आणि देव सगळ्यात शेवटी," असं ती स्वतः हसत सांगायची. दुसऱ्या कुणी सांगितलेलं मात्र खपवून घ्यायची नाही.

काम जोडे शिवायचं. म्हणजे अर्धं काम. मॅसॅच्युसेट्सच्या आमच्या त्या किनाऱ्यावर घरटी एक माणूस जोडे करायचा. पुरुष अंगणातल्या दहा फुटी खोलीत बसून जोड्याचा तळवा ठोकणार, बाई स्वयंपाकघरात बसून वरचं कातडं शिवणार आणि काठाला फीत लावणार. जोडा विकला जायचा पुरुषाच्या नावाने. बाईच्या बोटांना पडलेली भोकं कुणाच्याच नावावर नव्हती. ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या हिवाळ्यात कझायानेच गावच्या बायका चर्चमध्ये गोळा केल्या आणि बाकावर उभी राहून म्हणाली, "शेठ म्हणतात, आपण फावल्या वेळात शिवतो. जिला फावला वेळ आहे तिने हात वर करावा." एक हात वर गेला नाही. कुणीतरी खिदळलं, मग सगळ्याच. शेठलोकांना शिवणीचा दर वाढवावा लागला. "थोडाच," असं कझाया मरेपर्यंत म्हणत राहिली.

त्या वाढीतून तिला एकच गोष्ट हवी होती. भिंतीवर पोरांचं चित्र.

गावाला ती चैन वाटली. चित्रं शेठच्या दिवाणखान्यात असतात, जोडे शिवणाऱ्याच्या स्वयंपाकघरात नाही. कझायाचं कारण वेगळं होतं आणि ते तिने फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. तिची चार मुलं होती, पण त्यांच्या आधी दोन गेली होती. एक तर नाव ठेवायच्या आतच. दुसरा रूफस, चांगला तीन वर्षांचा होऊन गेला.

"एनस, मला त्याचा चेहरा दिसेनासा झालाय," ती एकदा शिवता शिवता म्हणाली. "हसणं ऐकू येतं. फ्रॉकचं कापड आठवतं, निळं, बारीक ठिपक्यांचं. पण चेहऱ्याच्या जागी नुसतं मळलेलं पीठ."

एनस टारबॉक्स बोलणारा माणूस नव्हता. त्याने हातातला जोडा फिरवून पाहिला आणि म्हणाला, "रंगवणारा येऊ दे. त्याला बूट मी करून देतो. तू वरचे पैसे दे."

घाई होती ती शेंडेफळाची. एल्काना दोन वर्षांचा. फेब्रुवारीत घशाच्या तापाने तो जाता जाता राहिला होता. तेव्हापासून कझाया त्याला कडेवरून खाली ठेवत नव्हती. चौघं आहेत तोवर चौघांचं चित्र हवं होतं.

जूनमध्ये पेलेग वाडलिन गावात आला. पाठीवर रंगांची पेटी, काखेत कागदांची गुंडाळी, आणि बुटांची अवस्था अशी की एनसने आधी पायांकडे पाहिलं आणि मग हात पुढे केला. हा माणूस तेवीस वर्षं घरोघर फिरून पाण्याच्या रंगात पोरं रंगवत होता. ज्या घरचं चित्र त्याच घरी राहायचं, जेवायचं. कझायाच्या घरी त्याने पहिल्या दिवशी घेवड्याच्या हंडीला तीनदा हात घातला.

"हातात काय देऊ पोरांच्या?" चौथ्यांदा वाढून घेत त्याने विचारलं.

हे ठरवणं सोपं नव्हतं. आमच्याकडे पोरांचं चित्र लोक नुसतं बघत नाहीत, वाचतात. हातात पुस्तक म्हणजे घरात अक्षर आहे. चाबूक म्हणजे पोरगा उद्या घोडं पाळणार. पूर्ण उमललेलं फूल मोठ्या मुलीला, कळी तान्ह्याला, आणि मान टाकलेलं फूल जिवंत मुलाच्या हातात कधीच नाही.

"लव्हायना नऊ वर्षांची आहे. तिला पुस्तक," कझाया म्हणाली. "उघडं. मिटलेलं पुस्तक काय, कुणीही धरेल."

"आणि एसा? चाबूक?"

"आमच्याकडे घोडा कुठाय? उगाच फुशारकी नको. त्याला बापाचा हातोडा दे. थिर्झाला गुलाब. आणि एल्कानाला कळी, देठ सरळ, ताठ. वाकलेला दिसला तर तुझे बूट विसर."

"पायात?" एनसने कोपऱ्यातून विचारलं.

"पायात काय?"

"चौघांच्याही पायात माझे जोडे पाहिजेत. लाल, मऊ मोरोक्को कातड्याचे. टाका दिसला पाहिजे."

वाडलिनने मान हलवली. टाका रंगवणं आपल्याला जमेल की नाही हे तो बोलला नाही.

चार दिवस पोरं आळीपाळीने खिडकीशी उभी राहिली. तिघं ठीक. चौथा म्हणजे विंचू. एल्काना अजून फ्रॉकमध्येच होता, आमच्याकडे सहाचा होईपर्यंत पोराला विजार मिळत नाही. पण फ्रॉक, भांग, कळी सगळं सहन करून घेणारं ते पोर डाव्या पायात जोडा ठेवायला तयार नव्हतं. उजवा चालायचा. डावा घातला की लाथ. एकदा तो जोडा सरळ शिंपल्यांच्या रश्शात जाऊन पडला.

"हा तुझ्यावर गेलाय," एनस म्हणाला.

"माझ्यावर गेला असता तर दोन्ही फेकले असते," कझाया म्हणाली.

चौथ्या दिवशी कझायाने चित्र पाहिलं तेव्हा एल्कानाचा फ्रॉक गुडघ्यापर्यंतच आला होता, त्याखाली कोरा कागद. वरचे चार चेहरे तिने एकेक करून पाहिले. छान होते, गुलाबी होते, पण चारही सारखे होते. एकाच कोंबडीची चार अंडी. जे आहे ते आहे, पिठापेक्षा बरं, असं तिने मनाला समजावलं.

सोमवारी तिला शिवलेली कातडी शहरातल्या शेठकडे पोचवायची होती. सहा मैल जायचं, सहा मैल यायचं, जाताना शेजाऱ्याच्या गाडीतून, येताना पायी. एल्कानाला तिने बरोबर घेतलं. एनस बाकीच्या पोरांना घेऊन ओहोटीला शिंपले खणायला गेला. पोरांनी हट्ट करून वाडलिनलाही ओढत नेलं. जाण्याआधी त्याने ओलं चित्र एनसच्या अंगणातल्या खोलीच्या खिडकीत, रस्त्याकडे तोंड करून, वाळायला ठेवलं. नमुना म्हणून बरोबर आणलेली त्याची दोन चित्रं घरातल्या भिंतीवर टांगली होती. उन्हाने रंग उडू नयेत म्हणून त्याने घराचे पडदे ओढून घेतले.

दुपारी परतताना कझाया खुशीत होती. शेठच्या कारकुनाने एका कातड्याला नाव ठेवलं होतं आणि तिने तिथल्या तिथे त्याच्या स्वतःच्या जोड्याचा उसवलेला काठ त्याला दाखवला होता. एल्काना तिच्या खांद्यावर झोपला होता. गाव अर्ध्या मैलावर राहिलं तेव्हा चर्चची घंटा वाजली.

तीन टोले. मग थांबली. म्हणजे मूल गेलं होतं.

कझाया रस्त्यात उभी राहिली. पुढचे टोले वयाचे असतात. एक. दोन. आणि मग काही नाही.

दोन वर्षांचं. गावात दोन वर्षांची मुलं किती? मज आडनावाच्या घरचं एक, पण ते घोड्यासारखं धडधाकट. पलीकडच्या हॉक्स बाईचं? त्याला परवा खोकला होता. बिचारी हॉक्स. कझायाचे डोळे भरून आले. एल्कानाला तिने इतकं घट्ट धरलं की तो जागा होऊन रडायला लागला. घरी काकवी आहे, केक करून न्यावा, ओव्हन तापायला वेळ लागेल, असा हिशेब करत ती जवळजवळ पळतच निघाली.

हॉक्स बाई तिला कझायाच्याच फाटकापाशी भेटली. काळी शाल, हातात झाकलेलं ताट. कझायाला पाहून तिचं तोंड उघडलं ते मिटेना.

अंगणात बारा-पंधरा बायका. दारात काळी फीत बांधलेली. पायरीवर केक, पाव, घेवड्याची हंडी. आणि मधोमध, सगळ्यांना जागा दाखवत, चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनची बायको मेहिटेबल ब्रीड. गावातल्या प्रत्येक मर्तिकाचा केक कुठे ठेवायचा हे तीच ठरवायची.

"काय झालं?" कझाया ओरडली. "कोण? एसा? लव्हायना? कोण बुडालं?"

सगळ्या तिच्या कडेवरच्या पोराकडे पाहत होत्या. पोराने हॉक्स बाईच्या ताटातून केकचा तुकडा उचलला आणि तोंडात कोंबला.

"देवा," हॉक्स बाई म्हणाली. "हा जेवतोय."

स्वतःच्या पोराच्या मयताला कझाया त्या पोराला कडेवर घेऊन पोचली होती.

झालं होतं ते असं. मेहिटेबलबाईला दुपारी रस्त्याने जाताना खिडकीत चित्र दिसलं. तीन पोरांच्या पायात दोन-दोन लाल जोडे. चौथ्याच्या एकाच पायात. एक पाय जोड्यात आणि एक उघडा: चित्रात असं मूल दिसलं की ते गेलेलं असतं. अर्धं इथे, अर्धं तिकडे. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यात घराचे पडदे ओढलेले. त्यात फेब्रुवारीचा ताप. बाईने दार वाजवलं, आतून कुणी ओ दिली नाही. दुःखात माणसं दार उघडत नाहीत, असं समजून तिने आधी घरोघर सांगितलं आणि मग घंटा वाजवणाऱ्या जाबेझला निरोप धाडला.

हे सगळं मेहिटेबलबाईने एका दमात सांगितलं, आणि वर म्हणाली, "माझी काय चूक? मी चित्र वाचलं."

"वाचलं?" कझायाचा आवाज फाटला. "माझ्या जिवंत पोराची घंटा वाजवलीस तू, मेहिटेबल! मी रस्त्यात त्याच्यासाठी रडले, तो माझ्या खांद्यावर असताना! अर्धा तास थांबून कुणाला विचारता आलं नाही?"

"विचारायला घरात होतं कोण? आणि माझ्यावर काय ओरडतेस, त्या रंगाऱ्यावर ओरड. त्याने मारलाय तुझा पोरगा, मी नाही."

तेवढ्यात शिंपल्यांची टोपली घेऊन एनस, तिन्ही पोरं आणि त्यांच्यामागून वाडलिन फाटकात आले. चिखलाने माखलेली पोरं धावत केकवर पडली. एनसने काळी फीत पाहिली, बायकोकडे पाहिलं, एल्कानाकडे पाहिलं आणि खाली पायरीवर बसला.

कझायाने वाडलिनच्या कोटाची कॉलर धरली. माणूस तिच्याहून वीतभर उंच, तरी तो वाकला. तिने त्याला तसाच एनसच्या खोलीत नेला. मागून सगळ्या बायका आत, काही दारात, काही खिडकीबाहेर.

"ठाऊक नव्हतं तुला? तेवीस वर्षं हेच करतोस, एका बुटाचा अर्थ ठाऊक नव्हता?"

"होता," वाडलिन म्हणाला. "उद्या रंगवणार होतो बूट. शपथेवर. फिक्यावर गडद चढतं, बाई, पाच मिनिटांचं काम आहे. फक्त..."

"फक्त काय?"

"सकाळी पोर झोपेत असताना काढला, पाय चांगला आला होता," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "एक दिवस तरी बघावा म्हटलं."

"आत्ता रंगव. आत्ताच्या आत्ता. माझ्यासमोर."

"आणि टाका दाखव," एनस म्हणाला.

"जाळून टाक म्हणते मी," मेहिटेबलबाई म्हणाली. "घंटा वाजलीय. असं चित्र घरात ठेवलं की ते खरं करून घेतं."

"गप्प बस गं, तू आज पुष्कळ केलंस," कझाया म्हणाली.

वाडलिनने पेटी उघडली, ताटलीत लाल रंग कालवला. चित्र कातडं कापायच्या बाकावर ठेवलं. कझायाने एल्कानाला त्याच बाकावर, चित्राला लागून बसवलं आणि कोनाड्यातला लाल जोडा घेऊन त्याचा डावा पाय हातात धरला. पोराने नेहमीसारखी लाथ मारली. तिने घोटा घट्ट पकडला. वाडलिनने ब्रश बुडवला.

आणि कझायाला दोन पाय शेजारी शेजारी दिसले.

एक तिच्या मुठीत होता, गरम, धुळकट. दुसरा कागदावर. दुसरं बोट अंगठ्यावर किंचित चढलेलं. करंगळी आत वळलेली, झोपल्यासारखी. घोट्याच्या आतल्या बाजूला डास चावून खाजवलेली खपली, तीसुद्धा होती. तळव्याला टाचेपाशी जी एक घडी पडते, जिच्यावर ती रोज संध्याकाळी ओलं फडकं फिरवायची, ती घडी या अनोळखी माणसाने फिक्या तपकिरी रंगाच्या एका ओढीत पकडली होती. ती वर चेहऱ्याकडे बघायला गेली. वर अंडंच होतं. पुन्हा खाली आली. खाली तिचा पोरगा होता.

"थांब," ती म्हणाली.

ब्रशच्या टोकाला लाल थेंब जमला होता. वाडलिनने हात हवेतच ठेवला.

"काय थांब?" एनस म्हणाला. "लाव बूट, वाडलिन."

"एनस, इकडे ये. हे बघ."

"काय बघू? जोडे करणाऱ्याचं पोर अनवाणी! शहरात कळलं तर मला गिऱ्हाईक राहील?"

"ये म्हणते ना."

तो आला. आधी चित्रातला पाय पाहिला, मग खरा. सवयीप्रमाणे त्याने पोराचा पाय माप घेतल्यासारखा चवड्यावर धरला आणि अंगठ्याने ते चढलेलं बोट दाबून पाहिलं. बराच वेळ.

"म्हणून फेकत होता," तो हळूच म्हणाला. "इथे दाबतंय ना. साचा चुकलाय माझा." त्याचे कान लाल झाले. पंधरा बायकांसमोर असं कबूल करणं एनस टारबॉक्सला काही सोपं गेलं नाही.

"कझाया," हॉक्स बाई दारातून म्हणाली, तिचा आवाज खरंच मायेचा होता, "ठेवू नकोस गं असं. माझाही छोटा आहे. मला नसती झोप लागली. उद्या काही झालं तर?"

हाच प्रश्न कझायाच्याही मनात होता. दोन टोले अजून तिच्या कानात होते. ती कुणालाही न घाबरणारी बाई, पण त्या क्षणी तिने पोराला आणखी जवळ ओढलं, हे एनसला दिसलं.

"दोघं गेले माझे," ती म्हणाली. "त्यांचं चित्रच नव्हतं. ना उघडा पाय, ना झाकलेला. तरी गेलेच ना?"

तिने चित्राकडे बोट केलं.

"आणि उद्या काही झालं, तर मी याला कशावर ओळखू? एनसच्या बुटावर? ते पिंपभर पडलेत तिथे. चेहरा बघ, हॉक्स, हा चेहरा कुणाचाही आहे. तुझ्या पोराचाही चालेल." वाडलिनने मान खाली घातली. "तू वाईट वाटून घेऊ नकोस, वाडलिन. पाय मात्र दुसऱ्या कुणाचा नाही. हा मी झाकू देणार नाही."

"आणि लोक काय वाचतील?" मेहिटेबलबाईने विचारलं.

"लोक माझ्या घरी येतील, चित्र बघतील, मग हा टेबलाखालून येऊन त्यांच्या पोटरीला चावेल. तेव्हा वाचतील."

कुणीतरी हसलं. मग हॉक्स बाईच हसली, डोळे पुसत. वाडलिनने लाल रंगाचा ब्रश पाण्यात बुडवला तेव्हा पाण्याचा रंग बदलताना सगळ्या बायका बघत होत्या. एल्कानाने तेवढ्यात जोडा उचलून एनसच्या छातीवर हाणला.

एनसने भिंतीत खुंटी ठोकली. चित्र स्वयंपाकघरात लागलं, शिवणाच्या खुर्चीसमोर. आणलेलं अन्न परत नेणं बरं दिसेना, म्हणून सगळ्या तिथेच बसल्या. शिंपले शिजले, घेवडा संपला, मयताचे शहाजिऱ्याचे केक पोरांनी फस्त केले. दाराची काळी फीत कझायाने स्वतः सोडली आणि गुंडाळून शिवणाच्या टोपलीत टाकली. फीत चांगली होती, कुणाच्या तरी जोड्याला लागली असती.

मेहिटेबलबाई सगळ्यात शेवटी उठली. दारापर्यंत गेली, परत आली. चित्रासमोर उभी राहिली. मग वाडलिनकडे न बघता, शालीची गाठ सोडत आणि बांधत म्हणाली,

"आमच्या पोरीचा, लॉइसचा, कान लहानपणी हंसाने तोडलाय. वरचा एवढासा तुकडा नाही. केसांखाली झाकते मी नेहमी."

"झाकूनच काढतो, बाई," वाडलिन म्हणाला. "कळणार नाही."

"मी झाकायला सांगितलंय का?" मेहिटेबलबाई तडकली. "तुटलेला आहे तसा काढता येतो का, ते विचारतेय."